सोसायटीचं पाणी, अनेक निकष आणि अनिश्चित आकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या सोसायट्यांच्या कमिट्या, नवे आर्किटेक्ट आणि वास्तुकलेचे विद्यार्थी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत एकच उदाहरण धरलं आहे: ६० फ्लॅट, २४० माणसं, उन्हाळ्यात टँकर. उदाहरणातले रुपयांचे आकडे पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. त्यांच्या जागी आपल्या सोसायटीचे आकडे घालावेत.

१. बहुनिकष निर्णयपद्धत म्हणजे नेमकं काय? आम्ही तीन कोटेशन मागवतो आणि स्वस्त असेल ते घेतो.

तिन्ही कोटेशन एकाच क्षमतेच्या पंपाची आणि तेवढ्याच वॉरंटीची असतील तर स्वस्त घेणं बरोबरच आहे. अडचण येते ती पर्याय एका जातीचे नसतात तेव्हा. आपल्या उदाहरणात चार पर्याय आहेत:

अ) टँकर चालू ठेवणं.
ब) छतावरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडणं.
क) बाथरूम आणि वॉशिंग मशीनचं पाणी शुद्ध करून फ्लशला वापरणं.
ड) गळती शोधून बंद करणं, नळांना एरेटर (पाण्यात हवा मिसळून धार कमी पाण्यात भागवणारी जाळी) आणि दोन बटणांचे फ्लश बसवणं.

एकाला भांडवल लागतं, दुसऱ्याला वीज, तिसऱ्याला रोज लक्ष देणारा माणूस. त्यामुळे प्रत्येक पर्याय प्रत्येक निकषावर कुठे बसतो याचा तक्ता करावा लागतो, निकषांना वेटेज द्यावं लागतं आणि मग गुण काढावे लागतात. एवढं बहुतेकांना जमतं. मात्र तक्त्यातला प्रत्येक आकडा हा अंदाज असतो, आणि पुढचे बहुतेक प्रश्न त्याच्याबद्दलच आहेत.

२. निकष किती ठेवावेत? आमची यादी पंधरावर गेली आहे.

चार ते सहा. पंधरा निकषांत एकच गोष्ट तीन-चार नावांनी येऊन बसते. 'वीजबिल', 'विजेचे युनिट' आणि 'कार्बन' हे तिन्ही ठेवले तर एकाच पंपाला तीनदा शिक्षा होते. वीजबिल एकूण खर्चात मिळवा आणि युनिटचा वेगळा निकष काढून टाका. कार्बन हवा असेल तर स्वतंत्र ठेवा. ग्रिडच्या विजेला प्रति युनिट साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरता येतो.

दुसरी चाळणी कायद्याची आणि आरोग्याची. विकास नियंत्रण नियमावलीनं बंधनकारक केलेली गोष्ट निकष होऊ शकत नाही, ती करावीच लागते. पुनर्वापराची आणि पिण्याची पाइपलाइन कुठेही जोडली जाणार नाही ही अटच आहे. तिला '१५ टक्के वेटेज' दिलं तर स्वस्ताईचे गुण ती अट खाऊन टाकू शकतात. असे पर्याय गुण देण्याआधीच बाद करावेत.

आमच्या सुचवणीतले पाच निकष: वार्षिक एकूण खर्च, मे महिन्यातलं भरवशाचं पाणी, कार्बन, देखभालीचा भार आणि काम चालू असताना रहिवाशांना होणारा त्रास.

३. अनिश्चितता म्हणजे आकडे नीट माहीत नसणं, एवढंच ना?

तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. पुढच्या वर्षीचा पाऊस कितीही अभ्यास केला तरी आज कळणार नाही. तिथे रेंज धरायची. आपल्या बोअरला तासाला किती पाणी येतं हे आज माहीत नसलं तरी मोजता येतं, त्यामुळे तिथे आधी पंपिंग टेस्ट. तिसरी म्हणजे माणसांची मतं: खर्च महत्त्वाचा की पर्यावरण, यात कमिटीचं एकमत नसणं. याला कुठलंही मोजमाप लागू नाही (प्रश्न १२ पाहा). हे तिन्ही एकाच 'प्लस-मायनस २० टक्के'मध्ये कोंबले की मोजता आलं असतं तेही मोजायचं राहून जातं.

४. आमच्या छतावर वर्षाला साडेचार लाख लिटर पाणी पडतं. मग टँकर लागतोच कशाला?

आकडा बरोबर आहे. ८०० चौरस मीटर छत, वर्षाला सुमारे ७२० मिलिमीटर पाऊस आणि ०.८ हा वाहून येण्याचा गुणांक धरला की ४६० घनमीटर, म्हणजे ४.६ लाख लिटर होतात. आता गरज बघा. माणशी दिवसाला १३५ लिटर या मानकानं २४० माणसांना रोज ३२,४०० लिटर लागतात. वर्षभराचं छतावरचं सगळं पाणी १४ दिवसांत संपतं. शिवाय पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि टँकर लागतात एप्रिल-मेमध्ये.

म्हणून 'वर्षाला किती लिटर' हा निकषच चुकीचा आहे. 'मे महिन्यात रोज भरवशानं किती लिटर' असा निकष लावला की ब पर्यायाचे गुण एकदम बदलतात.

बोअर पुनर्भरणात आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. पुण्याखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे. पाणी खडकाच्या भेगांतून आणि फुटलेल्या थरांतून फिरतं, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन बोअरना वेगवेगळं पाणी लागतं, आणि तुम्ही सोडलेलं पाणी दोन गल्ल्या पलीकडे वर येऊ शकतं. परिसराला त्याचा फायदा होतोच. तो तुम्हाला मोलाचा वाटत असेल, आणि वाटावा असं आमचं मत आहे, तर त्याचा स्वतंत्र निकष करा. फक्त तो आपल्या टाकीतलं पाणी म्हणून मोजू नका.

दुसरी गोष्ट पावसाच्या जोराची. तासाला ५० मिलिमीटर वेगानं पाऊस आला तर त्या छतावरून तासाला ३२ घनमीटर पाणी येतं. २ बाय २ बाय ३ मीटरचा शोषखड्डा खडी भरल्यावर, ४० टक्के पोकळी धरून, जेमतेम ४.८ घनमीटर घेतो. मुरणारं पाणी सोडलं तर तो नऊ मिनिटांत भरतो आणि उरलेलं पाणी वाहून जातं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर वर्षाच्या सरासरीत कुठेही दिसत नाही. त्यामुळे ४.६ लाख ही वरची मर्यादा समजा आणि प्रत्यक्षात मुरणारं पाणी त्याच्या बरंच खाली धरा. मे महिन्यात खड्ड्यातला गाळ काढला नाही, किंवा पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह नसेल, तर ते दर वर्षी आणखी घटतं.

५. वेटेज कसं ठरवायचं? 'पर्यावरणाला ४० टक्के' असं सरळ लिहिलं तर चालेल का?

चालत नाही, कारण त्या निकषावर पर्यायांत किती फरक पडतो, म्हणजे त्याची रेंज किती, हे धरल्याशिवाय वेटेजला अर्थ नाही. चारही पर्यायांच्या वार्षिक खर्चात फक्त वीस हजारांचा फरक असेल, तर पैसा कितीही महत्त्वाचा वाटला तरी या निर्णयात खर्चाचं वेटेज लहानच हवं.

सोपी रीत अशी. सगळे निकष आपापल्या सगळ्यात वाईट पातळीवर आहेत असं धरा. कमिटीला विचारा: यांतला एकच निकष सगळ्यात चांगल्या पातळीवर नेता येणार असेल तर कोणता न्याल? त्याला १०० गुण. मग दुसरा कोणता, आणि पहिल्याच्या तुलनेत त्या सुधारणेची किंमत किती? समजा तीन निकषांना १००, ६० आणि ४० मिळाले, तर बेरीज २००, आणि वेटेज ०.५, ०.३ आणि ०.२. प्रश्न विचारताना दोन्ही टोकं आकड्यांत सांगा: 'मे महिन्यात रोज शून्यावरून १०,००० लिटर'. नुसतं 'पाण्याची सुरक्षितता' म्हटलं की प्रत्येक जण वेगळंच काहीतरी मनात धरतो.

लोक क्रम सांगतात पण आकडा सांगायला तयार नसतात, तेव्हा 'रँक ऑर्डर सेंट्रॉइड' या रीतीनं नुसत्या क्रमावरून वेटेज काढता येतं. चार निकषांसाठी ते ०.५२, ०.२७, ०.१५ आणि ०.०६ असं येतं.

६. कॉलेजात आम्हाला एएचपी (अ‍ॅनालिटिक हायरार्की प्रोसेस) शिकवलं. तेच वापरलं तर?

वापरा. थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात मांडलेली ही पद्धत निकषांच्या जोड्या लावून १ ते ९ पट्टीवर तुलना करते. पाच निकषांना १० तुलना लागतात, आठ निकषांना २८. अठ्ठावीस तुलना करताना माणसं कंटाळून काहीही सांगतात. सुसंगती गुणोत्तर ०.१० च्या आत असावं असा नियम आहे. पहिला निकष दुसऱ्याच्या ३ पट, दुसरा तिसऱ्याच्या ३ पट आणि पहिला तिसऱ्याच्या ५ पट असं सांगितलं तर ते सुमारे ०.०३ येतं, म्हणजे ठीक. पण उत्तरं एकमेकांशी जुळतात एवढंच यातून कळतं, ती बरोबर आहेत की नाहीत हे कळत नाही. रेंजचा प्रश्न (प्रश्न ५) एएचपीतही तसाच उरतो.

७. प्रत्येक आकड्याची रेंज आणायची कुठून?

टँकरची जुनी बिलं, मीटर रीडिंग, वीजबिलं आणि प्लंबरचे दर इथून सुरुवात करा. तीन वर्षांची बिलं असतील तर चांगलं. त्यात एक तरी पाणीकपातीचं वर्ष असेल तर फारच चांगलं. जाणकाराला विचारायचं असेल तेव्हा आधी मधला आकडा विचारू नका. तो एकदा तोंडून निघाला की टोकं त्याला चिकटून येतात. आधी खालचं टोक विचारा: 'दहातून एकदाच याच्याही खाली जाईल असा आकडा कोणता?' मग तसंच वरचं, आणि बहुधा काय असेल ते शेवटी. तरीही माणसं रेंज अरुंदच सांगतात. विक्रेत्यानं दिलेली 'हमखास बचत' हा रेंजचा मधला भाग नसतो, ते वरचं टोक असतं.

८. मॉन्टे कार्लो, म्हणजे रेंजमधून योगायोगानं आकडे उचलून तोच हिशेब हजारदा करणं, एक्सेलमध्ये जमेल का? सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागेल का?

सॉफ्टवेअर लागत नाही. एका ओळीत एक 'संभाव्य भविष्य' मांडायचं आणि ती ओळ हजार वेळा खाली ओढायची.

प्रत्येक अनिश्चित आकड्यासाठी 'किमान + रँड × (कमाल − किमान)' हे सूत्र सुरुवातीला पुरतं. रँड म्हणजे एक्सेलचं RAND(), ० ते १ मधला कुठलाही योगायोगाचा आकडा. त्या ओळीतल्या आकड्यांवरून चारही पर्यायांचे गुण काढा आणि पहिला कोण आला ते शेवटच्या रकान्यात लिहा. मग मोजा: ड किती ओळींत पहिला, क किती ओळींत.

वेटेजही बदलून बघायचं असेल तर इथे एक सापळा आहे. पाच रँड आकडे घेऊन त्यांना बेरजेनं भागलं की सगळी वेटेज समसमान असण्याकडे झुकतात आणि टोकाची मतं क्वचितच येतात. त्याऐवजी प्रत्येक रँडचा नैसर्गिक लॉग काढा, उणे चिन्ह लावा आणि मग बेरजेनं भागा. त्यानं सगळ्या शक्य वेटेजना सारखी संधी मिळते.

हजार ओळींत ५२ विरुद्ध ४८ टक्के आलं तर त्याला निकाल म्हणू नका, कारण एवढ्या ओळींना सुमारे ३ टक्के इकडेतिकडे नुसत्या योगायोगानं होतं. दहा हजार ओळी घेतल्या की ते १ टक्क्यावर येतं. रँडचे आकडे प्रत्येक क्लिकला बदलतात, म्हणून मीटिंगआधी ते 'पेस्ट व्हॅल्यूज' करून गोठवा. नाहीतर सगळ्यांसमोर निकाल बदलत राहतो आणि लोकांचा विश्वास उडतो.

९. आम्ही हे सगळं केलं. निकालात टँकरचा पर्याय फारसा वाईट दिसत नाही. असं का?

बहुधा सगळे आकडे एकमेकांपासून सुटे धरले गेलेत. पाण्याच्या निर्णयांतली ही सगळ्यात महागडी चूक आहे.

पुण्याचं पाणी मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या साखळीतून येतं. पाऊस कमी झाला की चारही धरणं एकदम खाली असतात. महापालिकेची कपात सुरू होते, सगळ्या सोसायट्या एकाच आठवड्यात टँकर मागवतात, दर चढतात, आणि बोअरही त्याच सुमारास आटतात. शीटमध्ये कपात, टँकरचा दर आणि बोअरचं पाणी यांना तीन वेगवेगळे रँड दिले असतील, तर या तिन्ही गोष्टी एकत्र बिघडलेली ओळ क्वचितच येते. प्रत्यक्षात मात्र त्या एकत्रच बिघडतात.

उपाय साधा आहे. ओळीच्या सुरुवातीला पावसासाठी एकच रँड काढा आणि बाकीचे तिन्ही आकडे त्याला जोडा. पाऊस खालच्या टोकाला असेल तर टँकरचा दर वरच्या टोकाला आणि बोअर खालच्या. थोडी मोकळीक ठेवायची तर प्रत्येकात ८० टक्के भाग सामायिक रँडचा आणि २० टक्के स्वतःचा धरा. सरासरी खर्च फारसा हलत नाही, पण वाईट टोक जाड होतं, आणि टँकर व बोअर या दोघांचंही खरं रूप दिसतं.

१०. शक्यता सांगायला कोणीच तयार नाही. तेव्हा काय करायचं?

पुढच्या दहा वर्षांसाठी तीन परिस्थिती लिहा आणि प्रत्येकीत पर्यायाचा वार्षिक खर्च, भांडवलाचा हिस्सा धरून, लाखांत मांडा:

| पर्याय | पुरवठा सुधारला | आहे तसाच | कपात वाढली |
|---|---|---|---|
| अ. टँकर | २ | ५ | १४ |
| ब. बोअर पुनर्भरण | ४ | ६ | १३ |
| क. पुनर्वापर | ७ | ८ | ९ |
| ड. गळती, नळ, फ्लश | ३ | ४ | ११ |

सगळ्यात वाईट परिस्थितीत कमीत कमी खर्च, हा नियम लावला तर क जिंकतो (९). पश्चात्तापाचा नियम वेगळा आहे: प्रत्येक रकान्यात त्या परिस्थितीतल्या सर्वोत्तम पर्यायापेक्षा आपण किती जास्त दिले ते बघायचं. अ चा सगळ्यात मोठा पश्चात्ताप ५, ब चा ४, क चा ५ आणि ड चा फक्त २. म्हणून ड.

नियमांचं उत्तर वेगळं आलं म्हणून पद्धत फसली असं नाही. एक वर्षसुद्धा १० लाखांच्या वर गेलं तर सोसायटीचा निधी संपणार असेल, तर पहिला नियम योग्य. तेवढा धक्का पेलता येत असेल तर दुसरा.

११. मग कपातीची शक्यता किती असेल तर क घ्यावा? आणि सर्वेक्षणावर किती खर्च करावा?

ड आणि क ची तुलना करा. पहिल्या दोन्ही परिस्थितींत ड ४ लाखांनी स्वस्त, कपातीत क २ लाखांनी स्वस्त. कपातीची शक्यता दोन तृतीयांशापेक्षा जास्त असेल तरच सरासरीनं क परवडतो. 'शक्यता किती?' याला कोणी उत्तर देत नाही, पण 'दोन तृतीयांशाच्या वर आहे असं वाटतं का?' याला सगळे देतात. आम्ही कमिटीपुढे प्रश्न याच रूपात ठेवायला सांगतो.

सर्वेक्षणाचंही असंच. समजा शक्यता अनुक्रमे ०.३, ०.५ आणि ०.२ धरल्या, तर ड चा सरासरी खर्च ५.१ लाख. कोणती परिस्थिती येणार हे आधीच अचूक कळलं असतं तर प्रत्येक वेळी योग्य पर्याय घेऊन सरासरी ४.४ लाख. म्हणजे संपूर्ण, बिनचूक माहितीचीही किंमत वर्षाला ७० हजारांच्या वर नाही. अपुऱ्या माहितीची त्याहून कमी. एखादा अभ्यास निर्णय बदलूच शकत नसेल तर त्यावर पैसे घालू नका.

१२. कमिटीत दोन तट आहेत. सगळ्यांच्या वेटेजची सरासरी काढली तर भांडण मिटेल का?

सरासरी काढली की कोणाचंच नसलेलं मत हातात येतं. दोन्ही तटांची वेटेज वेगवेगळी चालवा. बरेचदा दोन्हींत तोच पर्याय पहिला येतो आणि भांडण कशावर होतं हेच उरत नाही. वेगळा आला तर कोणत्या वेटेजला निकाल उलटतो तो आकडा दाखवा आणि चर्चा तेवढ्याच आकड्यावर ठेवा.

१३. एका सभासदानं नवा, अवाजवी महाग पर्याय सुचवला. तो शेवटचा आला, पण पहिला-दुसरा क्रम बदलला! हे कसं?

गुण काढताना 'सगळ्यात स्वस्त १, सगळ्यात महाग ०' अशी पट्टी वापरल्यामुळे. तीन पर्याय घ्या: प (खर्च १०, पाणी ६०), फ (१४, ८०) आणि भ (२०, ९०). दोन्ही निकषांना सारखं वेटेज दिलं तर गुण ०.५०, ०.६३ आणि ०.५० येतात, फ पहिला. आता खर्च ६० आणि पाणी ९० असा चौथा पर्याय घाला. खर्चाची पट्टी ताणली जाते, १४ आणि २० मधला फरक नगण्य दिसू लागतो, आणि गुण होतात ०.५०, ०.७९ आणि ०.९०. भ पहिला! कोणीही न निवडणाऱ्या पर्यायानं निकाल फिरवला.

म्हणून पट्टीची टोकं पर्यायांवरून ठरवू नका. खर्च ० ते १५ लाख, पाणी ० ते ३२,४०० लिटर अशी ती आधीच ठरवून कमिटीच्या नोंदवहीत लिहा. आदर्श पर्यायापासूनच्या अंतरावरून क्रम लावणाऱ्या टॉप्सिससारख्या पद्धतींतही क्रम असा उलटू शकतो.

१४. भविष्यातल्या बचतीला किती व्याजदर लावायचा?

एकच दर धरू नका, तोही रेंजमध्ये ठेवा. वीस वर्षांनी वाचणारे १०० रुपये १० टक्के दरानं आज १५ रुपयांचे ठरतात, ४ टक्क्यांनी ४६ चे. जास्त आयुष्याचे पर्याय या एका आकड्यावर तरतात किंवा बुडतात. कार्बन आणि पाणी लिटर-किलोतच ठेवलं तर निदान त्यांच्यावर हा दर चालत नाही.

१५. ड आणि क दोन्ही केलं तर फायद्यांची बेरीज होईल का?

होत नाही. 'ड + क' हा स्वतंत्र पाचवा पर्याय म्हणून तक्त्यात घाला. माणशी १३५ लिटरपैकी ४५ लिटर फ्लशला धरतात, म्हणजे २४० माणसांचे रोज १०,८०० लिटर. दोन बटणांचे फ्लश बसले की ही गरजच घटते, आणि पूर्ण गरज धरून घेतलेला पुनर्वापराचा प्लांट अर्धवट भरून चालतो. एरेटरमुळे बाथरूममधून येणारं पाणीही कमी होतं. म्हणून आधी ड करा, सहा महिने मीटर वाचा आणि मग प्लांटचं माप ठरवा.

१६. आमची इमारत रिडेव्हलपमेंटला जाते आहे. हेच उत्तर लागू होईल का?

इथे मात्र उत्तर बदलतं. उभ्या इमारतीत फ्लशसाठी वेगळी पाइपलाइन टाकायची तर प्रत्येक बाथरूमच्या फरश्या फोडाव्या लागतात. नव्या बांधकामात तेच काम प्लंबिंगच्या खर्चात थोडी भर घालून होतं. म्हणून प्लांट आज घ्यायचा नसला तरी दुहेरी पाइपलाइन, गच्चीवर दुसऱ्या टाकीची जागा आणि तळाशी प्लांटची जागा एवढं बिल्डरबरोबरच्या करारात लिहून घ्या. पाइपला वेगळा रंग आणि प्रत्येक मजल्याच्या डक्टमध्ये 'पिण्याचे नाही' अशी पाटी हेही लिहा, नाहीतर दहा वर्षांनी येणारा प्लंबर दोन्ही लाइन जोडून टाकू शकतो.

करारात अशी ओळही घाला की अमुक इतके दिवस सलग टँकर लागले तर प्लांटचा प्रस्ताव पुढच्या सर्वसाधारण सभेत आपोआप येईल. दिवसांचा आकडा आपल्या जुन्या बिलांवरून ठरवा.